तिशी ओलांडलेली मिआटा आणि घरचा पाना

अमेरिकेत किंवा इंग्लंडात बरीच वर्षं काढलेल्या मराठी घरांतून एक प्रश्न सारखा येतो. मुलं मार्गी लागली, रोजची मोठी गाडी दारात आहेच, म्हणून हौसेखातर एक जुनी, दोन माणसांची, टप उघडणारी गाडी घेतली. आता ती सकाळी सुरू होत नाही, किंवा सुरू होते आणि सिग्नलला बंद पडते. गॅरेजवाला तासाचा दर सांगतो आणि पुढचं ‘उघडल्यावर बघू’ म्हणतो. मग घरच्या घरी काय काय करता येईल?

ही गाडी पुष्कळदा माझदाची मिआटा असते. इंग्लंडात तिला एमएक्स-५ म्हणतात, जपानात ती युनोस रोडस्टर या नावाने निघाली. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि २०१६मध्ये सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. इथे फक्त पहिल्या पिढीचा, म्हणजे १९८९ ते १९९७ या काळातल्या, दिवे वर उचलले जाणाऱ्या गाडीचा विचार केला आहे. घरी शिकायला याहून सोपी स्पोर्ट्स कार शोधून सापडणार नाही. बॉनेटखाली हात घालायला जागा आहे, सुटे भाग मिळतात, आणि माझदाने २०१७मध्ये याच पिढीचे उत्पादन बंद झालेले काही भाग पुन्हा बनवायचं जाहीर केलं. त्यात कापडी टपही होता.

एक गोष्ट आधीच पक्की करा. या गाडीची बहुतेक दुखणी वेगाची नसतात, वयाची असतात. रबर कडक होतं, प्लॅस्टिकला तडे जातात, वायरींच्या जोडांवर हिरवट थर चढतो, निचऱ्याच्या नळ्या तुंबतात. त्यामुळे ‘कोणता पार्ट मागवू?’ हा पहिला प्रश्न असू नये. चारशे डॉलरचे पार्ट बदलून झाल्यावर दोष एका चिरलेल्या रबरी नळीत सापडतो, हे या गाडीच्या बाबतीत फार वेळा घडतं.

आधी गाडी ओळखा

१९९३पर्यंतच्या गाड्यांत १६०० सीसीचं इंजिन आहे, १९९४पासून अमेरिकेत १८०० सीसीचं. दोन्हींचे सेन्सर, ब्रेक आणि मागचा डिफरन्शियल वेगळे, म्हणून पार्ट मागवताना नुसतं ‘मिआटा’ सांगून भागत नाही. वर्ष आणि इंजिन दोन्ही सांगा. माझदाचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. व्हिडिओ बघून हात बसतो, पण बोल्ट किती जोर लावून आवळायचा याचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या.

गाडी १९९०ची किंवा १९९१च्या सुरुवातीची असेल तर आणखी एक तपासणी करा. त्या इंजिनांतल्या क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. तिथला बोल्ट पूर्वी कुणी नीट आवळला नसेल तर पुली बसवणारी चावी आणि तिची खाच झिजते, पुली डुलायला लागते, टायमिंग सरकतं आणि गाडीचा दम जातो. पुलीच्या मधल्या भागात, बोल्टभोवती दिसणाऱ्या खाचा मोजा. चार दिसल्या तर टोक आखूड, आठ दिसल्या तर लांब. इंजिन चालू असताना पुढून, सुरक्षित अंतरावरून पुलीकडे बघा. ती डुलत असेल तर बाकीचा खर्च थांबवा आणि आधी याचा छडा लावा.

गाडीखाली जाण्याआधी

- नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅकस्टँड लावा, गाडी हाताने हलवून बघा, मगच आत जा.
- पुढून उचलायची तर मधल्या क्रॉसमेंबरखाली, मागून डिफरन्शियलखाली जॅक लावा. दाराखालची पट्टी गंजलेली असेल तर तिथे स्टँड लावू नका, ती आत दबते.
- स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असलेल्या गाडीत तिच्या वायरींना हात लावू नका.
- रेडिएटरचं झाकण इंजिन गार झाल्याशिवाय उघडू नका.
- चाकाचे नट टॉर्क रेंचने आवळा. इथे आकडा ८९ ते ११७ न्यूटन-मीटर आहे.

टॉर्क रेंच किंवा तसली महागडी हत्यारं लगेच विकत घ्यायला नकोत. अमेरिकेत ऑटोझोन, ओरायली यांसारखी दुकानं अनामत रक्कम घेऊन हत्यारं वापरायला देतात.

सेल्फ मारला, पण गाडी सुरू होत नाही

यात दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. इंजिन फिरतच नाही, की फिरतं पण पेट घेत नाही?

फिरतच नसेल तर बॅटरीपासून सुरुवात करा. ती डिकीत आहे. मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर भरलेली, १२.२च्या खाली तर अर्धी रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी गेली किंवा टर्मिनल सैल आहेत. बॅटरी ठीक आणि नुसता ‘टक’ आवाज येतो, तर संशय स्टार्टरवर. आवाजच नाही, तर क्लच पूर्ण दाबलाय ना ते बघा. अमेरिकेतल्या मॅन्युअल गाड्या क्लच दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत, आणि पेडलवरचा तो छोटा स्विचही म्हातारा झालेला असतो.

फिरतं पण पेट घेत नसेल तर या क्रमाने जा:

1. ठिणगी. काही डॉलरमध्ये स्पार्क टेस्टर मिळतो. प्लगची वायर हातात धरून ठिणगी बघण्याची जुनी सवय सोडा.
2. पेट्रोल. बॉनेटखाली ‘डायग्नोसिस’ असं लिहिलेली एक काळी डबी आहे. तिच्यात ‘एफ/पी’ आणि ‘जीएनडी’ ही दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडा आणि चावी ऑन करा. मागून पंपाचा बारीक आवाज यायला हवा. न आल्यास फ्यूज, रिले आणि मग पंप.
3. हवा. १६०० सीसीच्या गाडीत ही पायरी टाळू नका. तिथल्या एअरफ्लो मीटरमध्ये हवेच्या झोताने उघडणारी एक झडप आहे, आणि इंजिन चालू असताना पेट्रोल पंपाचा स्विच त्या झडपेवरच चालतो. मीटर आणि इंजिन यांच्यामधली रबरी नळी फाटली, तर हवा मीटरला वळसा घालून आत शिरते, झडप नीट उघडत नाही आणि पंप बंद पडतो. नळी काढून, वाकवून तिच्या वळ्यांच्या खोबणीत बघा. वरवर बघून चीर दिसत नाही.

ही तिसरी पायरी १८०० सीसीला याच रूपात लागू नाही, कारण तिथे मीटर वेगळ्या जातीचा आहे. पण फाटलेली नळी तिथेही आयडलिंग बिघडवतेच.

काळ्या डबीचा दुसरा उपयोग

अमेरिकेत विकलेल्या १९९५पर्यंतच्या गाड्यांना आजचा स्कॅनर लागत नाही. त्याच डबीत ‘टीईएन’ आणि ‘जीएनडी’ जोडा, चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. डॅशबोर्डवरचा ‘चेक इंजिन’चा दिवा मिचकावायला लागेल. लांब मिचकावणं म्हणजे दशक, छोटं म्हणजे एकक. एक लांब आणि पाच छोटे म्हणजे १५, अर्थात ऑक्सिजन सेन्सर. नुसते नऊ छोटे म्हणजे कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर. १९९६पासूनच्या गाड्यांना साधा ओबीडी-२ स्कॅनर चालतो.

कोड आला म्हणजे तो पार्ट गेला असं समजू नका. आधी त्याचा प्लग काढा, टोकं साफ करा, वायर कुठे खरवडली आहे का बघा, बॅटरीची वायर काही वेळ काढून जुना कोड पुसा आणि गाडी चालवा. तोच कोड परत आला तरच खरेदीचा विचार करा.

‘टीईएन’ आणि ‘जीएनडी’ची हीच जोडणी इंजिन चालू ठेवून केली की आयडलिंग आणि मूळ टायमिंग लावता येतं. कारखान्याचे आकडे साधारण ८५० आरपीएम आणि १० अंश. काही हौशी मालक टायमिंग १४ अंशांवर नेतात, त्याने गाडी थोडी चपळ होते. पण मग महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घालावं लागेल. नव्याने शिकणाऱ्याने दहावरच राहावं.

मिसिंग: चढावर झटके, चौथ्या गियरमध्ये रडणं

सपाटीवर गाडी ठीक चालते आणि जोर लावला की मिसिंग करते, तर पहिला संशय प्लगच्या वायरींवर घ्या. या गाडीत त्या खर्चाची वस्तू समजूनच वागायचं. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं तर कधीकधी गळणाऱ्या ठिणग्या निळ्या दिसतात. वायरींसोबत प्लगही बदला, फट १.१ मिलिमीटर. प्लग गार इंजिनात, आधी हाताने आटे धरून बसवा. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर काम मोठं होतं.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधायला इंजेक्टरचे प्लग एकेक करून काढा. ज्याचा प्लग काढल्यावर इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. पहिला आणि चौथा एकदम मेलेले निघाले, किंवा दुसरा आणि तिसरा, तर वायरींपेक्षा कॉइलकडे बघा. इंजिनाच्या मागे बसलेल्या दोन कॉइलपैकी प्रत्येकीवर अशी एकेक जोडी असते.

तेलाची गळती

गॅरेजमधून येणारं सगळ्यात घाबरवणारं वाक्य म्हणजे ‘मागचं मेन सील गेलं, गियरबॉक्स उतरवावा लागेल’. कधीकधी ते खरंही असतं. पण मिआटात इंजिन आणि गियरबॉक्सच्या जोडावर तेल दिसलं, तर खाली काही उतरवण्याआधी वर बघा.

इंजिनाच्या मागच्या टोकाला, फायरवॉलजवळ, कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर आहे. त्याच्या भोवती एक साधी ओ-रिंग असते. वर्षानुवर्षं तापून ती प्लॅस्टिकसारखी कडक होते आणि तेल मागच्या भिंतीवरून ओघळत नेमकं तिथेच जाऊन टपकतं, जिथे मेन सीलचं टपकलं असतं. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅसकेट मागच्या बाजूने गळतं तेव्हाही असंच दिसतं. ओ-रिंगची किंमत नगण्य, पण जागा इतकी अडचणीची की हाताला खरचटल्याशिवाय काम होत नाही.

आधी सगळा भाग डिग्रीझरने धुवा, दोन-तीन दिवस गाडी चालवा आणि टॉर्चने बघा की ओल वरून सुरू होते की खालून. वरून असेल तर आधी व्हॉल्व्ह कव्हरचं गॅसकेट बदला, अर्ध-गोलाकार कोपऱ्यांवर थोडा सीलंट लावून. तरीही ओल राहिली तर सेन्सर काढा. काढण्याआधी त्याच्या आणि हेडच्या कडेवर पांढऱ्या रंगाने एक सरळ रेघ ओढून ठेवा. हा सेन्सर फिरवला की टायमिंग बदलतं. रेघेला रेघ जुळवून बसवला तर काम निभावतं, तरी नंतर टायमिंग लाइटने तपासून घेतलेलं बरं.

सकाळी वरून येणारी टकटक ही वेगळी तक्रार. या इंजिनात व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने आपोआप लागते, त्यामुळे तेल जुनं किंवा कमी झालं की ती लागायला वेळ लागतो. तेलाची पातळी बघा, तेल-फिल्टर वेळेवर बदला. गाडी तापल्यावर आवाज जात असेल तर इंजिन उघडायची घाई नको. फिल्टर इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेला आहे, पहिल्यांदा तेल बदलताना तो शोधण्यातच अर्धा वेळ जाईल.

रेडिएटर आणि टायमिंग बेल्ट

रेडिएटरची वरची टाकी प्लॅस्टिकची आणि मुळात काळी असते. ती शेवाळी-तपकिरी दिसू लागली की प्लॅस्टिक ठिसूळ झालं. गळायची वाट बघू नका, लांबच्या प्रवासाआधी बदला. सोबत वरच्या-खालच्या नळ्या, थर्मोस्टॅट आणि इंजिनामागे हीटरकडे जाणाऱ्या नळ्याही बघा. त्या मागे असल्याने सगळे विसरतात, आणि फुटतात तेव्हा गाडी हमरस्त्यावर असते.

टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांनी, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटरनी बदलायचा. ‘मागच्या मालकाने बदललाय’ याला पावतीशिवाय अर्थ नाही. दिलासा एवढाच की या पिढीच्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटत नाहीत. गाडी आहे तिथे उभी राहते, इंजिन वाचतं. बेल्टपर्यंत हात गेलाच आहे तर पाण्याचा पंप आणि पुढची तेलाची सीलं त्याच वेळी बदला, कारण त्यांच्यासाठी तीच उस्तवार पुन्हा करावी लागते. सवयीच्या माणसाला हे घरी जमतं. पहिल्याच कामाला मात्र हे घेऊ नका.

क्लच आणि ब्रेक

पहिला किंवा रिव्हर्स गियर पडताना करकरतो, क्लचचं पेडल खोल जातं. ‘क्लच प्लेट गेली’ असा निष्कर्ष काढण्याआधी क्लचच्या ऑइलच्या डबीतलं ऑइल बघा. ते काळं किंवा कमी असेल तर खाली गियरबॉक्सच्या कुशीला लावलेल्या स्लेव्ह सिलिंडरचं रबरी टोपण थोडं सरकवा. आत ओल दिसली तर तो गेला. हा भाग स्वस्त आहे आणि दोन बोल्टवर असतो. वरचा मास्टर सिलिंडर तितकाच जुना असेल तर दोन्ही एकदम बदला, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा एअर काढत बसाल. डॉट-३ ब्रेक ऑइल वापरा. ते रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो.

मागच्या ब्रेकपाशी बरेच जण फसतात. पॅड बदलताना मागचा पिस्टन सी-क्लँपने दाबू नका. हँडब्रेकची यंत्रणा त्याच पिस्टनच्या आत आहे आणि ती मोडते. कॅलिपरच्या मागे १४ मिलिमीटरचा एक बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिलिमीटरच्या ॲलन कीची जागा दिसते. ती उलटी फिरवली की पिस्टन मागे जातो. नवे पॅड बसवल्यावर सुलटी फिरवून अडेपर्यंत न्या आणि तिथून साधारण तृतीयांश फेरा मागे घ्या. हँडब्रेक ढिला वाटतो म्हणून केबल ताणण्याआधीही हेच बघायचं असतं. एकाच बाजूचं चाक जास्त तापत असेल तर कॅलिपर सरकवणाऱ्या पिना जाम झाल्या आहेत. त्या काढून साफ करा आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा.

टायर झिजलेले नाहीत म्हणून ते चांगले, असं जुन्या हौशी गाडीत धरू नका. कडेवर डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. ‘२३१२’ म्हणजे २०१२चा तेविसावा आठवडा, आणि तो टायर आता चालवायचा नाही. तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा.

पाणी कुठे जातं ते बघा

इंजिनाचं काहीही दुरुस्त होतं. पत्रा सडला की हिशेब संपतो, म्हणून घरी करायच्या कामांत हे पहिल्या नंबरवर ठेवा. टपावरचं पाणी मागच्या पन्हाळीतून दोन निचरा-नळ्यांत उतरतं आणि मागच्या चाकांच्या पुढे, गाडीखाली बाहेर पडतं. पानं आणि माती साचून नळ्या तुंबल्या की पाणी सीटमागच्या गालिच्यात आणि दाराखालच्या पोकळीत, म्हणजे सिलमध्ये शिरतं. सिल आतून गंजतो आणि बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं बरंच गेलेलं असतं.

बाटलीने पन्हाळीत थोडं पाणी ओता. ते खाली दोन्ही बाजूंनी पडायला हवं. नाही पडलं तर मऊ प्लॅस्टिकची लवचीक तार वापरून नळी साफ करा. कडक तारेने नळी फाटते, मग पाणी कायमचंच आत. इंग्लंडात दरवर्षीच्या एमओटी तपासणीत सिलचा गंज हे गाडी नापास होण्याचं ठरलेलं कारण आहे, आणि तिथली ४० वर्षांच्या गाड्यांना मिळणारी सूट या गाड्यांना अजून लागू नाही.

डिकीतला पत्रा गंजण्याचं कारण बहुधा चुकीची बॅटरी असतं. कारखान्यातून आलेली बॅटरी बंदिस्त जातीची आणि वाफ बाहेर नेणाऱ्या नळ्यांची होती. स्वस्तातली साधी बॅटरी बसवली की आम्लाची वाफ डिकीतच फिरते. एजीएम जातीची घ्या आणि नळ्या जोडा.

बाकी किरकोळ. थंडीत टप खाली करण्याआधी मागची प्लॅस्टिकची काच चेन उघडून मोकळी करा, नाहीतर घडीवर तडकते. पुढचा दिवा वर येत नसेल तर त्याचा फ्यूज काढून मोटारीवरची गुंडी हाताने फिरवली की दिवा वर येतो आणि रात्री घरी पोचता येतं. गियरच्या दांड्यापाशी गरम हवा येत असेल तर खालचं रबरी आवरण फाटलंय.

गॅरेजला देताना तुमचे हक्क

वेल्डिंग, एअरबॅग आणि गियरबॉक्स उतरवणं ही कामं बाहेर द्या. कॅलिफोर्नियात गॅरेजने काम सुरू करण्याआधी लेखी अंदाजपत्रक द्यावं लागतं आणि तुमच्या संमतीशिवाय त्यापुढे जाता येत नाही. काढलेले जुने पार्ट परत हवे असतील तर काम देतानाच सांगा. बदल्यात परत करायचे पार्ट सोडले तर ते तुम्हाला मिळायला हवेत. वर सांगितलेलं ‘मेन सील गेलं’ हे प्रकरण असेल, तर जुनं सील मागून घेणं हा साधा उपाय आहे.

त्याच राज्यात, अगदी नव्या गाड्या सोडल्या तर, १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी लागते, म्हणजे या पिढीची मिआटा कुठलीही असो, सुटत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायचा तर राज्याच्या मंजुरीचा क्रमांक असलेलाच घ्या. दुसऱ्या राज्यातून आणलेल्या गाडीत स्वस्त कन्व्हर्टर असेल तर ती तिथे अडते. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत, घेण्याआधी आपल्या राज्याच्या संकेतस्थळावर बघा. डीलरकडून गाडी घेत असाल तर काचेवर ‘बायर्स गाइड’ लावलेलं असणं बंधनकारक आहे. त्यात ‘ॲज इज’वर खूण असेल तर नंतरची दुरुस्ती तुमची. खासगी विक्रीत तो कागदही नसतो, म्हणून पावत्यांची फाइल मागा.

विमा घेताना ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ पद्धतीबद्दल विचारा. नेहमीच्या पॉलिसीत अपघातानंतर तीस वर्षांच्या गाडीची किंमत कंपनी ठरवते. या पद्धतीत ती आधीच ठरलेली असते, फक्त वर्षाला किती मैल चालवता येईल यावर बंधन असू शकतं.

आणि ती पुण्याला नेता येईल का?

हाही प्रश्न हमखास येतो. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती सर्वसाधारणपणे तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि स्टिअरिंग उजवीकडे असावं लागतं. अमेरिकेतली मिआटा या दोन्ही अटींत बसत नाही. परत जायचं ठरलं असेल तर निघण्याच्या आधीचा वसंत ऋतू विक्रीसाठी धरा. टप उघडणाऱ्या गाड्यांना तेव्हा गिऱ्हाईक असतं, आणि पावत्यांची फाइल, बदललेला बेल्ट व कोरडे सिल दाखवता आले तर घासाघीस कमी होते.